कोट आणि कडें

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग आमच्या रत्नागिरीस येत नाहीं. तो हातखंब्यावरून तसाच पालीकडे निघून जातो; रत्नागिरीस यावयाचें असेल त्यानें हातखंब्याच्या तिठ्यावर पश्चिमेस वळावें. बंदरावर वसलेल्या या नगरास एके काळीं त्याची खंत नव्हती, कारण त्याचा खरा राजमार्ग समुद्र होता. आगबोटी बंद झाल्यावर मात्र आपण आडबाजूस पडलों ही जाणीव आमच्या पिढीस बोंचत राहिली. अशा गांवच्या माणसानें मोठ्या शहरांच्या वळसारस्त्यांविषयीं लिहावें यांत वाचकांस थोडा विनोद वाटेल. परंतु दूरची रहदारी बाहेरच्या बाहेर जावी ही सोय आम्हांस भूगोलानें आयती दिली. तीच मिळविण्यासाठीं पुण्यास आज केवढा खटाटोप करावा लागत आहे हें पाहून या विषयाच्या इतिहासाकडे वळावेंसें वाटलें.

नगराभोंवतीं वर्तुळ आंखण्याची कल्पना नवी नाहीं. नवा आहे तो तिचा हेतु. पूर्वीचें वर्तुळ तटाचें असे आणि परक्यास बाहेर ठेवणें हें त्याचें काम असे. व्हिएन्ना शहराच्या ज्या तटांनीं १६८३ सालीं तुर्कांच्या वेढ्यास तोंड दिलें, ते पाडण्याची आज्ञा सम्राट् फ्रान्झ जोसेफ यानें डिसेंबर १८५७ मध्यें काढली. तटाबाहेर तोफांच्या माऱ्यासाठीं जें मैदान मोकळें ठेवलेलें होतें, त्यांतील जमीन विकून आलेल्या पैशांतून सार्वजनिक इमारती उठल्या, आणि १८६५ सालीं ‘रिंगस्ट्रास’ हा प्रशस्त मार्ग खुला झाला. नेमक्या त्याच सुमारास मुंबईंतही कुदळी चालत होत्या. १८६२ सालीं गव्हर्नर होऊन आलेल्या सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दींत फोर्टचे तट जमीनदोस्त झाले. अपोलो गेट, चर्चगेट, बझारगेट हे तीन दरवाजे गेले. आज चर्चगेट म्हणून आपण स्टेशनांत उतरतों, दरवाजा कोणी पाहिलेला नाहीं. परंतु मुंबईनें तटाच्या जागीं वर्तुळ काढलें नाहीं. समुद्रांत शिरलेल्या त्या लांबट बेटास तें मानवणारेंही नव्हतें. तिनें मैदानें राखलीं, आणि त्यांच्या कडेनें सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय यांची रांग उभी केली.

हीं वर्तुळें शहराच्या पोटांतलीं. त्यांवर माणसें फिरावयास जात. शहर टाळण्यासाठीं वर्तुळ ही कल्पना मोटारीच्या युगाची. लंडनवर बाँब पडत असतांना, १९४४ सालीं, पॅट्रिक अॅबरक्रोंबी यांनीं बृहल्लंडनची योजना मांडली. तींत एकाबाहेर एक अशीं रस्त्यांचीं कडीं होतीं, आणि शहरानें फुगूं नये म्हणून भोंवतीं हिरवा पट्टा राखावयाचा होता. पुढें सुमारे १८८ किलोमीटरचा एम पंचवीस हा मार्ग पुरा होण्यास १९८६ साल उजाडलें. तो उघडल्यावर थोड्याच वर्षांत असा तुंबूं लागला कीं त्यास रुंद करण्याचें काम काढावें लागलें. नवा रस्ता जुनी गर्दी वाटून घेतोच, शिवाय नवी गर्दी जन्मास घालतो, हा धडा तेथें मिळाला. तो फारसा कोणी घेतला असें दिसत नाहीं.

पुण्याची कथा याहून उद्बोधक आहे. मुंबईहून बंगळूरकडे जाणारी वाहनें पूर्वी शहरांतून स्वारगेट करीत कात्रजचा घाट चढत. त्यांना बाहेर काढण्यासाठीं देहूरोड ते कात्रज असा बाह्यवळण मार्ग झाला. बाणेर, बावधन, वारजें हीं तेव्हां खेडीं होतीं. आज तो ‘बाह्य’ मार्ग शहराच्या मध्यावर आला आहे. चांदणी चौकांतला पूल अपुरा पडून २ ऑक्टोबर २०२२ रोजीं मध्यरात्रीनंतर सुरुंग लावून पाडावा लागला. बांधल्यास जेमतेम एक पिढी लोटली होती. शहराच्या हद्दींत २०१७ सालीं ११ आणि २०२१ सालीं आणखी २३ गांवें आलीं. १९८७ च्या विकास आराखड्यांत शहराच्या आंतून फिरणारा एक वर्तुळाकार मार्ग दाखविलेला होता; तो अजूनही कागदावरच आहे. आतां राज्य रस्ते विकास महामंडळानें त्याहून कितीतरी बाहेर, मावळ, मुळशी, भोर, हवेली, पुरंदर, खेड या तालुक्यांतून सुमारे १७० किलोमीटर लांबीचें आणि ११० मीटर रुंदीचें कडें हातीं घेतलें आहे. लंडनच्या योजनेंत कड्याबरोबर हिरवा पट्टा तरी होता. येथें तसें बंधन नाहीं. कडें पुरें होण्याआधींच त्याच्या दोहों बाजूंस भूखंडांच्या जाहिराती लागल्या. बाहेरचा हा रस्ता आणखी किती वर्षें बाहेर राहील?

मुळशी तालुक्याचें नांव या यादींत वाचतांना आम्ही क्षणभर थांबलों. १९२१ सालीं टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं मुळशी पेट्यांतल्या मावळ्यांनीं सत्याग्रह केला तो हाच मुलूख. धरण झालें, मुंबईस वीज मिळाली, जमिनी पाण्याखालीं गेल्या. आजचें भूसंपादन त्या काळासारखें नाहीं, मोबदलाही पुष्कळ मिळतो, हें कबूल केलें पाहिजे. कित्येकांनीं तो आनंदानें घेतला आहे, आणि त्यांस दूषण देण्याचा अधिकार पगारावर जगलेल्या आमच्यासारख्यांस नाहीं. परंतु पैसा ज्याची जमीन जाते त्यास मिळतो. ज्याचें घर रस्त्याच्या अलीकडे आणि भात-खाचर पलीकडे राहतें त्यास काय मिळतें? हा मार्ग वाटेल तेथून चढतां-उतरतां येण्याजोगा नव्हे. त्यास कुंपण आहे, ठराविक ठिकाणींच तोंडें आहेत. शहरवासी ज्यास कडें म्हणतो, तें त्या खेड्यास कोट होऊन बसतें; फरक इतकाच कीं यांतला दरवाजा मोटारीस उघडतो, बैलास नाहीं.

हें आम्ही नकाशा पाहूनच म्हणतों असें नाहीं. आमच्या जिल्ह्यांत महामार्ग चौपदरी होऊं लागल्यापासून हाच अनुभव येत आहे. एस.टी.तून उतरलेली म्हातारी पूर्वी रस्ता ओलांडून समोरच्या पाणंदीनें वाडींत शिरत असे. आतां मध्यें दुभाजक आला आहे, आणि पलीकडे जाण्याची मोकळी जागा बरीच पुढें आहे. डोक्यावर बाजाराचें बोचकें घेऊन ती तितकें चालत जाते, आणि पलीकडच्या बाजूनें तितकेंच परत येते.