आत्महत्यांची पोलीस आकडेवारी (भारत)

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या (स्थापना 1986) ‘भारतातील अपघाती मृत्यू आणि आत्महत्या’ या वार्षिक अहवालातील आकडेवारी. ही मालिका 1967 पासूनची. आरोग्यधोरण तिच्या आधारे आखले जात असले, तरी तिचे मूळ पोलीस ठाण्यातील अकस्मात मृत्यूच्या नोंदीत आहे.

संकलन : पंचनामा, शवविच्छेदन व नातेवाइकांचे जबाब यांवरून तपास अधिकारी मृताचा व्यवसाय व आत्महत्येचे कारण नोंदवतो, ठाणे, जिल्हा, राज्य, दिल्ली असा माहितीचा प्रवास होतो. 2022 मध्ये (एकूण 1,70,924) ‘कौटुंबिक समस्या’ 31.7 टक्के व ‘आजारपण’ 18.4 टक्के होते. कर्ज, दारू आणि आजार एकाच घरात असले, तर कोणता रकाना भरायचा हे अधिकाऱ्यावर अवलंबून.

न्यूनगणना : 2010 सालचा पोलीस आकडा 1,34,599, घरोघरच्या मुलाखतींवर आधारलेला, ‘लॅन्सेट’मध्ये 2012 साली प्रसिद्ध झालेला त्याच वर्षाचा अंदाज सुमारे 1,87,000. आत्महत्येचा प्रयत्न भारतीय दंड संहितेच्या कलम 309 नुसार गुन्हा असल्याने कुटुंबे पोलिसांना टाळत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने हे कलम बोथट केले. जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते नाही.

शेतकरी : 1995 पासून स्वतंत्र रकाना. छत्तीसगडमध्ये 2010 साली 1,126, 2011 साली शून्य व 2012 साली 4 शेतकरी आत्महत्या नोंदल्या गेल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी अशा शून्यांवर सातत्याने लिहिले. 2014 मध्ये शेतमजूर वेगळे काढल्यावर देशातील शेतकऱ्यांचा आकडा 11,772 वरून 5,650 वर आला, मजूर 6,710. दोन्ही मिळवल्यास बेरीज 12,360, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा जास्तच. शेतात राबणारी स्त्री बहुधा ‘गृहिणी’त जाते. खंडाने कसणारा व्याख्येने शेतकरीच. पण सातबाऱ्यावर नाव नसल्याने तो ठाण्याच्या कागदावर तसा उतरेलच असे नाही. महाराष्ट्रात महसूल विभाग नापिकी, कर्ज व वसुलीचा तगादा पाहून ‘पात्र-अपात्र’ प्रकरणे ठरवतो, ती मदतीसाठी. त्या मोजणीचा पोलीस आकड्यांशी मेळ बसत नाही.

तुरुंगातील आत्महत्या : राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्याच तुरुंगविषयक अहवालात, ‘अनैसर्गिक मृत्यू’ या सदरात.

प्रकाशन : अनियमित. 2016 चा अहवाल 2019 मध्ये निघाला.