सागरी प्रवासातील वैद्यकीय आणीबाणी आणि प्रवाशांची नुकसानभरपाई : ‘कुरलँड’ व ‘नादेरी’ जहाजांच्या (१८९६-९७) संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती महामार्गावरील गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. येथील अभ्यासकाने सागरी प्रवासाच्या इतिहासाकडे का वळावे, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर याच जिल्ह्याच्या इतिहासात सापडते. १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, वास्तव्यास आलेले महात्मा गांधी त्यापूर्वी चाळीस वर्षे, डिसेंबर १८९६ मध्ये, सुमारे आठशे प्रवाशांसह दरबानच्या बंदराबाहेर अडकून पडले होते. कारण सांगितले गेले ते वैद्यकीय. त्या प्रवाशांपुढे ठेवण्यात आलेल्या पर्यायांपैकी एक होता तो तिकिटाचे पैसे परत घेण्याचा.

आज पर्यटन जहाजावर एखादा प्रवासी गंभीर आजारी पडला वा साथ पसरली की जहाजाचा मार्ग बदलतो, ठरलेली बंदरे वगळली जातात आणि प्रवासी भरपाईची अपेक्षा व्यक्त करतात. हा प्रश्न ग्राहक चळवळीच्या काळात निर्माण झाला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात त्या समजाची तपासणी करावयाची आहे. वैद्यकीय कारणाने प्रवास बदलला तर त्याचा भार कोणी सोसावा आणि ‘भरपाई’ या शब्दात नेमके काय अभिप्रेत असावे, हे दोन प्रश्न येथे मध्यवर्ती आहेत.

विलगीकरणाची पार्श्वभूमी :

रोगाच्या भीतीने जहाज रोखून धरण्याची प्रथा जुनी आहे. १३७७ मध्ये रगुसा (आजचे दुब्रोव्हनिक) या नगरराज्याने साथग्रस्त प्रदेशातून येणाऱ्यांसाठी तीस दिवसांचे विलगीकरण ठरविले. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली आणि त्यातूनच ‘क्वारंटाइन’ हा शब्द रूढ झाला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबई व युरोप यांतील अंतर घटले आणि रोगाच्या प्रवासाचे भयही वाढले. भारतात १८७० मध्ये विलगीकरणाचा कायदा झाला. तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर ऑटोमन शासनाने १८८२ पासून हज यात्रेकरूंसाठी विलगीकरण केंद्र चालविले. मुंबईहून निघालेल्या यात्रेकरूंना तेथे थांबावे लागे आणि त्या मुक्कामाच्या शुल्काचा भार अखेरीस त्यांच्यावरच पडे. थांबविणाराने भरपाई देण्याऐवजी थांबलेल्यानेच पैसे मोजावेत, असा हा व्यवहार होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा अस्तित्वात आला, मार्चमध्ये व्हेनिस येथे प्लेगविषयक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्याच वर्षी भारतीय बंदरांतून होणाऱ्या हज यात्रेवर बंदी आली. मुंबईहून निघणारे प्रत्येक जहाज संशयाच्या छायेत आले, ते या घटनाक्रमामुळे.

‘कुरलँड’ आणि ‘नादेरी’ : प्रवास व अडवणूक :

३० नोव्हेंबर १८९६ रोजी गांधीजी पत्नी कस्तुरबा, दोन मुले व भाचा यांच्यासह मुंबईहून ‘कुरलँड’ जहाजाने निघाले. हे जहाज दादा अब्दुल्ला आणि कंपनीचे होते. ‘नादेरी’ या दुसऱ्या जहाजाचे दरबानमधील काम हीच कंपनी पाही. दोन्ही जहाजे १८ डिसेंबरला दरबानबाहेर पोहोचली. दोन्हींवर मिळून सुमारे आठशे प्रवासी होते आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मे ट्रान्सवालला जाणारे होते. वाटेत एका वादळाने प्रवाशांची कसोटी पाहिली होती. खरी कसोटी मात्र नांगर टाकल्यानंतर सुरू झाली.

प्लेगचे जंतू प्रकट होण्यास जास्तीत जास्त तेवीस दिवस लागतात, असे तेव्हा गृहीत धरले जाई. त्या हिशेबाने मुंबई सोडल्यापासून तेवीस दिवस पूर्ण होण्यास पाचच दिवस उरले होते. जहाजांवर प्लेगचा एकही रुग्ण नव्हता. तरीही प्रवासी प्रत्यक्षात उतरले ते १३ जानेवारी १८९७ रोजी. अठरा दिवसांच्या सागरी प्रवासानंतर किनारा डोळ्यांसमोर असताना सव्वीस दिवसांची प्रतीक्षा त्यांच्या वाट्याला आली. या काळात निर्जंतुकीकरणाच्या नावाखाली प्रवाशांचे अंथरूण-पांघरूण जाळण्यात आले. त्यांना पांघरुणे व मदत पुरविली ती शासनाने नव्हे, तर नाताळमधील भारतीय समाजाने निधी उभारून.

दरबानच्या गोऱ्या रहिवाशांची भीती सर्वस्वी निराधार होती, असे म्हणणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये ओळखला गेला होता. परंतु उंदरावरील पिसवांमार्फत त्याचा प्रसार होतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखविले ते १८९८ मध्ये. १९०१ मध्ये केप टाऊनला प्लेगने खरोखरच गाठले. अपुऱ्या ज्ञानाच्या त्या काळात सावधगिरी समर्थनीय होती. मात्र पाच दिवसांचे सव्वीस दिवस होण्याचे स्पष्टीकरण वैद्यकशास्त्रात सापडत नाही. ते किनाऱ्यावरील सभांमध्ये सापडते. भारतीयांना उतरू देऊ नये, अशी उघड मागणी या सभांतून होत होती आणि नाताळचे अॅटर्नी जनरल हॅरी एस्कम्ब यांची त्या चळवळीला सहानुभूती होती. गांधीजींनीही या विलगीकरणामागे आरोग्यापेक्षा अधिक काही असल्याचे आत्मकथेत नोंदविले आहे.

भरपाईचा प्रस्ताव :

या प्रसंगाचा प्रस्तुत विषयाशी असलेला सर्वांत महत्त्वाचा संबंध पुढेच आहे. जहाजे परत पाठविल्यास कंपनीचे नुकसान भरून देण्याची तयारी दरबानमधील गोऱ्या विरोधकांनी दाखविली. प्रवाशांना दुहेरी निरोप देण्यात आला. परत न गेल्यास समुद्रात ढकलले जाल, ही धमकी. आणि परत जाण्यास राजी झाल्यास प्रवासभाडेही कदाचित परत मिळेल, हे आमिष. हे सारे आत्मकथेत आले आहे.

म्हणजेच वैद्यकीय कारणाने खंडित झालेल्या प्रवासाच्या बदल्यात भाडेपरतीची कल्पना १८९७ च्या आरंभी मांडली गेली होती. कंपनीने ती नाकारली आणि प्रवाशांनीही नाकारली. नाताळच्या भूमीवर उतरणे हा आपला हक्क असून तो आपण बजावणारच, अशी भूमिका प्रवाशांनी घेतली. त्यांच्यापैकी अनेकांचे घर, दुकान वा रोजगार त्या किनाऱ्यावर होता. भाड्याची रक्कम परत मिळाली म्हणजे प्रवास झालाच नाही असे मानता येते, हे गृहीतक त्यांना मान्य नव्हते. येथे परतावा हे भरपाईचे साधन नव्हते. हक्क विकत घेण्याचे ते साधन होते.

जहाजावरून उतरल्यावर गांधीजींवर जमावाने हल्ला केला. पोलीस अधीक्षक अलेक्झांडर यांच्या पत्नीने आपली छत्री आडवी धरून त्यांना वाचविले. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी हल्लेखोरांवर खटले भरण्याची सूचना केली असता गांधीजींनी तसे करण्यास लेखी नकार दिला. त्याच वेळी, मार्च १८९७ मध्ये, नाताळमधील भारतीयांनी चेंबरलेन यांना सविस्तर निवेदन पाठवून अडवणुकीचा संपूर्ण वृत्तांत मांडला. वैयक्तिक इजेची भरपाई सोडून द्यायची, परंतु सार्वजनिक अन्यायाचा हिशेब सोडायचा नाही, हा भेद येथे स्पष्ट दिसतो. नाताळच्या विधिमंडळाने त्याच वर्षी विलगीकरणाचे अधिकार वाढविणारा आणि स्थलांतरावर निर्बंध घालणारा असे दोन्ही कायदे संमत केले. आरोग्याचा कायदा आणि वर्णद्वेषाचा कायदा एकाच अधिवेशनात शेजारी शेजारी बसले.

कायद्याची दृष्टी :

सागरी कायद्याने जीवरक्षणाला आरंभापासून वेगळे स्थान दिले आहे. १८८० च्या ‘स्कारामांगा विरुद्ध स्टॅम्प’ या इंग्लंडमधील खटल्यात असे तत्त्व प्रस्थापित झाले, की मनुष्याचा जीव वाचविण्यासाठी जहाजाने मार्ग सोडल्यास तो करारभंग नव्हे. केवळ मालमत्ता वाचविण्यासाठी सोडल्यास मात्र तो ठरू शकतो. मालवाहतुकीपुरती पुढे ही सवलत विस्तारली. भारताच्या १९२५ च्या सागरी मालवाहतूक कायद्याने जीव किंवा मालमत्ता वाचविण्यासाठी केलेला मार्गबदल क्षम्य मानला. भारतीय करार कायद्याचे (१८७२) कलम ५६ अशक्य झालेल्या कराराविषयी, तर कलम ६५ अशा करारान्वये मिळालेला लाभ परत करण्याविषयी आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या कायद्याने ‘सेवेतील त्रुटी’ ही संकल्पना दृढ केली.

परदेशातही हा प्रश्न पूर्णतः सुटलेला नाही. युरोपीय संघाच्या २०१० च्या जलप्रवासी हक्कविषयक नियमावलीत विलंबासाठी तिकिटाच्या २५ ते ५० टक्के भरपाईची तरतूद आहे. परंतु ती तरतूद पर्यटन जहाजांच्या प्रवाशांना लागू होत नाही. २०१३ मध्ये पर्यटन जहाज कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जाहीर केलेल्या प्रवासी हक्कांच्या सनदेत यांत्रिक बिघाडाने रद्द झालेल्या सफरीचा परतावा आहे. वैद्यकीय कारणाचा त्यात तसा उल्लेख नाही.

अलीकडील दोन उदाहरणे :

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज ३,७११ जणांसह रोखले गेले; त्यांपैकी ७१२ जण कोरोनाबाधित झाले. जहाजावर १३८ भारतीय होते आणि त्यांतील १३२ जण कर्मचारी होते. कंपनीने प्रवाशांना संपूर्ण भाडे परत केले, शिवाय पुढील सफरीसाठी तेवढ्याच रकमेची सवलत देऊ केली. प्रवासी खोल्यांत बंद असताना त्यांचे जेवण दारापर्यंत पोहोचविणारे कर्मचारी मात्र तिकीटधारक नव्हते. भरपाईच्या चर्चेत त्यांचा विचार अभावानेच झाला.

जानेवारी २०२२ च्या आरंभी मुंबईहून गोव्याला गेलेल्या ‘कॉर्डेलिया’ जहाजावरील सुमारे दोन हजार व्यक्तींपैकी ६६ जण बाधित आढळले आणि जहाज मुरगावहून मुंबईस परत आले. नववर्षाच्या सहलीचे नुकसान आणि रोजगाराच्या भूमीवर उतरू न देणे या दोन गोष्टी समान पातळीवरच्या नाहीत, हे उघड आहे. तरी दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच उद्भवतो : निर्णय कोणी घेतला आणि तो कोणत्या पुराव्यावर?

विवेचन :

आपल्या भागात एस.टी. बसमधील एखाद्या प्रवाशाची प्रकृती अचानक बिघडली, तर चालक-वाहक बस थेट रुग्णालयाच्या दारात नेतात. उरलेल्या प्रवाशांना उशीर होतो, पण त्यासाठी कोणी तिकिटाचे पैसे मागत नाही. कारण समोर रुग्ण दिसतो, निर्णयामागचा हेतू दिसतो आणि रुग्ण उतरला की बस मार्गाला लागते. जेथे हे तिन्ही दिसते तेथे प्रवासी नुकसान सोसण्यास तयार असतो. ‘कुरलँड’वर रुग्ण नव्हता, हेतू झाकलेला होता आणि मुदत वाढत होती. म्हणून तेथे भाडेपरतीनेही समाधान होणे शक्य नव्हते.

यावरून वैद्यकीय मार्गबदलाच्या औचित्याच्या तीन कसोट्या मांडता येतील. पहिली, धोका प्रत्यक्ष आहे काय? दुसरी, घातलेले बंधन धोक्याच्या प्रमाणात आहे काय? तिसरी, धोका संपताच बंधनही संपते काय? तिन्ही कसोट्या पूर्ण होत असतील, तर प्रवाशाने न मिळालेल्या सेवेच्या मूल्यापुरती अपेक्षा ठेवणे न्याय्य होय. एकही अपुरी असेल, तर प्रश्न पैशांचा न राहता हक्काचा होतो.

निष्कर्ष :

१. वैद्यकीय कारणाने बदललेल्या सागरी प्रवासात भरपाईचा प्रश्न ग्राहक कायद्यांच्या कितीतरी आधी निर्माण झालेला होता. १८९७ चा भाडेपरतीचा प्रस्ताव त्याचे ठळक उदाहरण आहे.

२. जीव वाचविण्यासाठी केलेला मार्गबदल कायद्याने व नीतीने समर्थनीय आहे. त्याचा भार मात्र कामरानपासून दरबानपर्यंत बहुधा दुर्बल प्रवाशावरच टाकला गेला.

३. भरपाईत पैसा, वेळ आणि सन्मान असे तीन घटक असतात. कायदा प्रामुख्याने पहिल्याचा विचार करतो. ‘कुरलँड’ व ‘नादेरी’वरील प्रवाशांनी पहिला नाकारून तिसऱ्याचा आग्रह धरला.

४. जहाजावरील कर्मचाऱ्यांचा भरपाईच्या चौकटीत स्वतंत्र विचार होणे आवश्यक आहे.

सेवाग्रामच्या कुटीत १९३९ पासून कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी करणारे गांधीजी रोग्यापासून दूर पळणारे नव्हते. रोगाचे निमित्त करून माणसाला दूर लोटणे त्यांनी तरुणपणी दरबानच्या समुद्रात अनुभवले होते. वर्धा जिल्ह्यातील अभ्यासकाला या सागरी इतिहासाशी जोडणारा धागा हाच आहे.