कर्ड्याचे घर आणि सुप्याच्या वह्या

१८७४ सालच्या डिसेंबरच्या सुमारास शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी एक घर पाडण्यात आले. घर बाबासाहेब देशमुखांचे, पाडणारा काळूराम नावाचा मारवाडी सावकार. दीडशे रुपयांच्या कर्जापायी त्याने दिवाणी कोर्टातून हुकूमनामा मिळवला आणि देशमुखांचे घर व जमीन स्वतःच विकत घेतली. त्या मालमत्तेचे वर्षाचे उत्पन्नच कर्जाच्या रकमेएवढे होते, हे त्याला पुढे मान्य करावे लागले. तरीही आपल्या दारासमोरचे देशमुखांचे घर त्याने जमीनदोस्त केले. कर्ज वसूल झाल्यावर घर पाडायचे कारण काय, याचे उत्तर हिशेबात सापडत नाही.

दख्खनच्या दंग्यांचा इतिहास बहुधा सुप्यापासून सांगितला जातो. मला तो कर्ड्यापासून सांगावासा वाटतो, कारण कर्ड्यात कोणी काठी उचलली नाही. गावाने सावकारांची कामे बंद केली. गावात राहणे अवघड झाले तेव्हा काही सावकारांनी पाच-सहा मैलांवरच्या शिरूरला बिऱ्हाड हलवायचे ठरवले, तर सामान न्यायला गाडीवाले तयार होईनात.

पुढे बुधवार, १२ मे १८७५. सुप्याचा बाजाराचा दिवस. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, त्या वेळी ते भीमथडी तालुक्यात होते. आजचा दौंड तालुकाही जुन्या भीमथडीचाच भाग. बाजारात जमलेल्या लोकांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि वह्या, रोखे, धान्य, कापड रस्त्यात आणून पेटवले. शनिवारी जिल्हा मॅजिस्ट्रेट तिथे पोहोचला तेव्हा राखेचे ढीग तसेच पडलेले होते. एक घर जळाले होते, डझनभर फोडली होती आणि पन्नास माणसे अटकेत होती. नुकसानीचा सरकारी अंदाज पंचवीस हजारांवर, सावकारांच्या मते लाखाच्या पुढे. चोवीस तासांच्या आत चौदा मैलांवरच्या खेडगावात (आता दौंड तालुका) मुख्य सावकाराच्या गंज्या आणि घर पेटले. मग शिरूर, इंदापूर आणि घोड नदीपलीकडे नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, कर्जत. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना अटक झाली आणि ५०१ जणांना शिक्षा.

पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाच्याही लक्षात आले की एवढ्या मोठ्या टापूत गंभीर गुन्हे फार थोडे घडले. लोकांना कागद हवे होते. सावकाराने ते मुकाट्याने दिले तिथे बहुधा त्याच्या अंगाला हात लागला नाही. सरकारने याला ‘दंगे’ म्हटले आणि आपणही तोच शब्द चालू ठेवला. कोणते कागद जाळायचे हे ठरवून आलेल्या जमावाला तो शब्द अपुरा पडतो, असे माझे मत आहे.

कागदांवर इतका राग का? शिरूर-दौंडचा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी सरासरी वीस इंचांच्या आसपास पाऊस, तोही वेळेवर येईलच असे नाही. अशा मुलखात कर्ज नवे नव्हते. नवे होते ते तीन गोष्टींचे एकत्र येणे. १८५८ मध्ये पुण्याहून दौंडवरून दिकसाळपर्यंत रेल्वे आली. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, पैसा खेळू लागला आणि सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले. नेमक्या त्याच वेळी तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपली आणि इंदापूरपासून सुरुवात करून तालुक्यामागून तालुक्यात फेरपाहणी झाली. भाव वाढले, रेल्वे आली, म्हणून सारा वाढवला. काही गावांत वाढ पन्नास टक्क्यांच्या वर गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने यावर चौकशी करून आवाज उठवला होता. १८७४ मध्ये सरकारने वाढीवर मर्यादा घातली: एकंदर तालुक्याला ३३ टक्के, गावाला ६६, एका खातेदाराला १००. तोवर उशीर झाला होता.

त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा. रोख्याची मुदत तीन वर्षे ठरली ती खरे तर कुळाला व्याजाच्या डोंगरापासून वाचवण्यासाठी. घडले उलटे. दर तीन वर्षांनी मुद्दल आणि थकलेले व्याज मिळून नवा रोखा लिहिला जाऊ लागला. लिहिणारा सावकाराचा कारकून, खाली कुणब्याची निशाणी नांगर. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्यासाठी ती वही म्हणजे बंद पेटी होती. पावती मिळत नसे. कोर्टात तो हजर राहत नसे, मग एकतर्फी हुकूमनामा.

आता बातमीचे. पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासून निघत होता. पण तो वाचणारा वर्ग शहरातला. भीमथडीतला निरोप बाजारातून आणि गावोगावच्या चिठ्ठ्यांतून गेला. इंदापूर तालुक्यातल्या कळस गावचे संमतिपत्र आयोगाच्या कागदपत्रांत आले आहे. गुजरांची जमीन जो कसेल, त्यांची चाकरी जो करील, त्याला जातीच्या पंगतीला घेऊ नये, त्याच्याशी सोयरीक करू नये, असा त्याचा आशय. म्हणजे कागदाविरुद्ध उठलेल्यांनीही कागदच वापरला, आणि त्यात धाक घातला तो वाळीत टाकण्याचा.

इथे अभ्यासकाने थबकले पाहिजे. गावाची एकजूट म्हणून आपण जिचे कौतुक करतो, ती जातीच्या शिस्तीवर उभी होती. न्हावी, परीट, सुतार यांनी सावकाराचे काम बंद करायचे, हे ठरवणारे ते स्वतः नव्हते. भूमिहीनांचे तर या वह्यांत नावही फारसे नसणार, कारण तारण ठेवायला जमीन लागते. रोखा जाळून मोकळे व्हायलाही आधी कर्जाची पत असावी लागे! दुसरीकडे, मारवाडी आणि गुजर परके म्हणून नजरेत आले आणि सारा वाढवणारे सरकार आगीपासून लांब राहिले.

आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये पुढे आला. तोपर्यंत १८७६ ते ७८ चा दुष्काळ येऊन गेला होता. फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशी साथीदारांसह शिरूर तालुक्यातल्या धामारीवर दरोडा घातला. त्याच वर्षी पुणे, सातारा, सोलापूर व नगर जिल्ह्यांसाठी डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट झाला. रोखा गावच्या रजिस्ट्रारसमोर लिहायचा, पावती द्यायची, कर्जापायी कैद नाही, आणि न्यायाधीशाने रोख्यामागचा खरा व्यवहार तपासायचा. सावकारांनीही वाट काढली: गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली.

जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ यानंतरचा, १८८३ चा. त्यात सावकार आहे. पण त्याच्या जोडीला शेतसारा, जंगल खाते, कोर्टकचेरी आणि पाण्याचा प्रश्नही आहे. आयोगाने सुटे मांडलेले धागे तिथे एकत्र आले.

याच वर्षांत खडकवासल्याहून मुठेचा उजवा कालवा पाटसच्या दिशेने येत होता. दुष्काळी कामावरची माणसे त्यावर राबली. दौंडच्या बाजूला त्या पाण्यावर पुढे बागायत उभी राहिली, ऊस आला, गुऱ्हाळे आली. कर्ड्याची शिवारे त्या कालव्याच्या वाटेवर नव्हती.