बारा टक्क्यांची रेघ

ऑक्टोबरच्या अखेरीस लातूरच्या बाजारात सोयाबीनची आवक वाढली की वजनकाट्यापेक्षा एका लहानशा यंत्राकडे जास्त डोळे लागलेले असतात. मुठीएवढी वाटी, तिच्याखाली बॅटरीवर चालणारी पेटी आणि एक छोटा पडदा. पोत्यातले दोन मुठी दाणे वाटीत ओतायचे, पिकाचे बटण दाबायचे, की काही सेकंदांत आकडा उमटतो: ११.६, १२.३, १४.८. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. आकडा तिच्या आत असला तर माल घेतला जातो. वर गेला तर ‘वाळवून आणा’ म्हणून गाडी परत फिरते. सर्वजण याला ‘मॉइश्चर मीटर’च म्हणतात, आणि खिशात मावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंपैकी मराठवाड्याच्या शेतकऱ्याच्या संसारावर मोबाइलखालोखाल परिणाम करणारी वस्तू बहुधा हीच असेल. यंत्र नवे आहे, पण त्याच्याभोवतीचा तंटा फार जुना आहे. इथल्या बाजारपेठांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर मोजमाप जसजसे बारीक होत गेले तसतसा हा तंटा पुढच्या, शेतकऱ्याला न दिसणाऱ्या मापावर सरकत गेलेला दिसतो. आणि जेव्हा तो थोडाफार मिटला, तेव्हा ते माप एका बाजूच्या हातातून निघून चारचौघांच्या देखरेखीखाली आले होते.

लातूरची पेठ निजामाच्या राज्यातली, पण तिच्या मालाची वाट बार्शी-कुर्डुवाडीवरून, म्हणजे मुंबई इलाख्यातून जाणारी. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली. १९१७ मध्ये गंजगोलाईची दुमजली वर्तुळाकार इमारत उभी राहिली आणि तिच्याभोवती सोळा रस्त्यांवर पेठा वसल्या. नांदेडला त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या तोंडावर, मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग आला आणि तिथला कापूस दूरच्या गिरण्यांकडे जाऊ लागला. आगगाडीबरोबर जो गिऱ्हाईक आला तो वजनावर विकत घेणारा होता. गावात मात्र धान्य मापाने मोजले जाई: चिपटे, मापटे, शेर, पायली. पायल्यांचा मण कुठे बाराचा, कुठे सोळाचा. घरी शिगोशीग पायलीने मोजलेली ज्वारी पेठेत तागडीत पडली की तिचे किती मण भरतील, हे ज्याच्या हाती तागडी त्यालाच ठाऊक असे. त्यातच वजनाचा पाया असलेला तोळा रुपयाच्या नाण्यावर बांधलेला, आणि सरहद्दीच्या दोन बाजूंना रुपये वेगळे. इंग्रजी कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, निजामाचा हाली सिक्का ११.१८ ग्रॅमच्या आसपासचा. ऐंशी कलदारांचा शेर धरला तर तो सुमारे ९३३ ग्रॅम भरतो. ऐंशी हालींचा ८९४. नाण्यानेच वजन पारखायचे ठरवले तर चाळीस शेरांच्या मणामागे दीड किलोचा फरक पडतो. बाजारभावात सात हाली रुपयांना सहा कलदार हा हिशेब व्यापाऱ्याला तोंडपाठ असे. बैलगाडी घेऊन आलेल्या कुणब्याला तो तितकाच येत असेल, असे मानायला आधार नाही.

या गोंधळावर पहिला उपाय निघाला तो चांगल्या तराजूचा नव्हता. वऱ्हाडातल्या कारंज्याला १८८६ मध्ये देशातली पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ सुरू झाली. हा वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा, कारभार मात्र इंग्रजांचा. हेतू मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस मिळावा हा होता, शेतकऱ्याचे हित त्यात ओघाने आले. शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली आणि हैदराबाद संस्थानाने १९३० मध्ये आपला शेतीमाल बाजार कायदा केला. अशा सगळ्या कायद्यांचा गाभा एकच होता: तोलणाऱ्याला परवाना, तोलाई-हमालीचे दर फळ्यावर, मापांची तपासणी, आणि मनमानी कडत्याला, म्हणजे वजनातून कापून घेण्याला, मनाई. तराजू तोच राहिला, त्याच्या एका पारड्याला बांधलेले पासंगही तसेच राहिले; बदलला तो तराजू धरणारा हात. मापाडी हा खरेदीदाराचा नोकर न राहता बाजाराचा माणूस झाला, निदान कायद्याने तरी. माझ्या मते मराठवाड्यातल्या मोजमापाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सुधारणा, आणि तिच्यात तंत्रज्ञानाचा वाटा शून्य होता.

दुसरी सुधारणा दशमान पद्धतीची. १९५६ च्या कायद्याने किलोग्रॅम आला, ऑक्टोबर १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने पेठांत शिरला आणि एप्रिल १९६२ पासून सक्तीचा झाला. मराठवाड्याच्या दृष्टीने ही वर्षे विलक्षण होती. १९४८ मध्ये निजामी राजवट गेली, १९५६ मध्ये प्रदेश हैदराबादमधून मुंबई राज्यात आला, १९५७ मध्ये नवे पैसे आले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. त्याच काळात शेर आणि मणही गेले. इतक्या उलथापालथीत नवे वजन लोकांनी स्वीकारले, कारण ते सगळीकडे एकच होते आणि प्रत्येक लोखंडी वजनावर सरकारी तपासणीचा शिक्का होता. वाचता न येणाऱ्यालाही शिसे भरून उमटवलेला तो शिक्का बोटाने चाचपता येत होता.

मग इलेक्ट्रॉनिक काटा आला. त्याच्या पोटात लोड सेल असतो: धातूचा एक ठोकळा, भाराखाली केसाच्या अंशाइतका वाकणारा, आणि त्याला चिकटवलेली बारीक तार, जिचा विद्युतरोध त्या वाकण्याबरोबर बदलतो. कल्पना सुंदर आहे आणि काटा पूर्वीच्या तागडीपेक्षा निःसंशय अचूक आहे. तरीही मांजरा-गोदावरीच्या ऊसपट्ट्यात दर गळीत हंगामात ‘काटामारी’चा आरोप होतोच, आणि कारखान्यात जाण्याआधी बाहेरच्या काट्यावर गाडी तोलून आणण्याचा हक्क शेतकरी संघटनांना मागावा लागतो. प्रत्येक आरोप खरा असतो, असे मी म्हणत नाही. पण जुन्या तागडीचा दांडा तिरका झाला तर समोरच्याला दिसत असे. लोड सेलचा आकडा कुठे जुळवला, हे पडद्यावरून कळत नाही. यंत्र बारीक झाले तेवढी त्याची तपासणी सामान्य माणसाच्या डोळ्यांपासून लांब गेली.

ओलावा मापकात हे अंतर आणखी वाढते, कारण काटा निदान वजनच मोजतो. मीटर ओलावा थेट मोजतच नाही. ओलावा मोजण्याची खरी कसोटी एकच: नमुना तोलायचा, १०३ अंशांच्या भट्टीत कित्येक तास वाळवायचा आणि पुन्हा तोलायचा. बाजारात एवढा वेळ कोणाला आहे? अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या ब्राउन आणि ड्युव्हेल यांनी १९०७ मध्ये धान्य तेलात तापवून निघालेले पाणी मोजण्याची झटपट रीत दिली, आणि पुढे विजेवरची यंत्रे आली. आजचे हातातले यंत्र दाण्यांतून विद्युतक्षेत्र पाठवते. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक ८० च्या घरात, सुक्या धान्याचा दोन ते पाचच्या दरम्यान. म्हणून दाण्यांत थोडे पाणी वाढले तरी वाचन लक्षणीय बदलते. त्या बदलावरून यंत्र ओलाव्याचा अंदाज बांधते. त्यामुळे त्यात चुकण्याच्या वाटा पुष्कळ: दाणे वाटीत सैल पडले की दाबून भरले, उन्हात तापलेले होते की सावलीतले, यंत्रातला सोयाबीनचा तक्ता त्या वाणाला जुळतो का, बॅटरी उतरली आहे का. शिवाय पोत्याच्या तोंडाशी दाणा सुका आणि मधोमध ओला असतो, तेव्हा नमुना कुठून काढला यावरही आकडा ठरतो. या सगळ्यामुळे अर्ध्या टक्क्याची चूक अगदी सहज होते. दशांश चिन्हापुढचा अंक पाहून माणसाला अचूकतेचा जो भरवसा वाटतो, तो यंत्राला स्वतःला नाही.

यावर व्यापाऱ्यांकडून एक रास्त उत्तर येते. मीटर नव्हता तेव्हा दाणा दाताखाली चावून, मुठीत दाबून ओलावा ठरायचा आणि क्विंटलमागे दोन-तीन किलो कडता आडत्याच्या तोंडी हुकमाने जायचा. त्यापेक्षा आकडा बरा. हे मला पूर्ण मान्य आहे. दाताशी वाद घालता येत नाही, आकड्याशी येतो. दुसरे उत्तरही खोटे नाही: परतीच्या पावसात भिजलेला माल लोक घाईने आणतात, तसा साठवला तर बुरशी धरतो आणि तेलाची प्रत जाते. पाणी धान्याच्या भावाने कोणी का घ्यावे? घेऊ नयेच. पण मग पाण्याइतकेच कापावे. १२ टक्के ओलाव्याच्या क्विंटलमध्ये ८८ किलो सुका ऐवज असतो, १३ टक्क्यांच्या क्विंटलमध्ये ८७. म्हणजे एका टक्क्याचा न्याय्य कडता १ किलो १४० ग्रॅमच्या आत बसतो. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता. त्या दराने ही वजावट सुमारे ५६ रुपये होते. वाळवण्याचा खर्च वेगळा धरला तरी आकडा फार वाढत नाही. प्रत्यक्षात १२ च्या रेघेपलीकडे गेलेल्या शेतकऱ्याला ५६ रुपये नव्हे, हमीभाव आणि खुला भाव यांच्यातला सगळा फरक सोसावा लागतो. त्या हंगामात खुला भाव चार हजारांच्या थोडा वर घुटमळत होता, म्हणजे क्विंटलमागे पाच-सातशे रुपये. ज्या यंत्राची चूक अर्ध्या टक्क्याची असू शकते, त्याच्या १२.३ या वाचनावर एवढी रक्कम टांगून ठेवणे हा मोजमापाचा गैरवापर आहे, यंत्र कितीही प्रामाणिक असो.

याला दुसरी पद्धत शक्य आहे, आणि ती शोधायला लातूरहून नांदेडपलीकडे जायला नको. नांदेड हा कापसाचा मुलूख. ‘एनएचएच ४४’ हा गाजलेला संकरित वाण इथल्याच कापूस संशोधन केंद्राचा. भारतीय कापूस महामंडळ कापूस घेते तेव्हा ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देते, तिथून १२ टक्क्यांपर्यंत टक्क्याटक्क्याने भाव उतरवते आणि त्यापुढे नाकारते. या ८ ते १२ च्या पट्ट्यात मीटर अर्धा टक्का चुकला तर शेतकऱ्याचे नुकसान अर्ध्या टक्क्याचेच होते. एकाच मराठवाड्यात, एकाच जातीच्या यंत्राने, एका पिकाला उतार आणि दुसऱ्याला कडेलोट, हे केवळ नियमांमुळे घडते. नियम बदलता येतो हेही दिसून आले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या मतदानाला काही दिवस उरले असताना, केंद्राने त्या हंगामापुरती सोयाबीनची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली. आदल्या दिवशी नाकारला गेलेला तोच दाणा दुसऱ्या दिवशी चालू लागला. रेघ भौतिकशास्त्राने आखलेली असती तर ती अशी हलली नसती. अर्थात १५ वर ठेवलेला कडाही कडाच असतो, १५.२ वाल्याचे दुःख त्याने मिटत नाही.

आता हे यंत्र काही हजारांत मिळते, शेतकरी उत्पादक कंपन्याही ते बाळगतात. मग प्रत्येकाने स्वतःचे घ्यावे आणि घरूनच मोजून यावे, असे सुचवले जाते. घरून मोजण्याचा उपयोग आहे: अजून दोन दिवस ऊन द्यायचे की नाही, हे कळते आणि भाड्याच्या गाडीची फुकट फेरी वाचते. पण केंद्रावर दोन यंत्रांचे दोन आकडे आले तर चालतो तो केंद्राचाच. स्वतःची पायली घेऊन पेठेत आलेल्या माणसाचीही शंभर वर्षांपूर्वी हीच गत होती. त्यामुळे इथेही लागणार आहे ती १९३० आणि १९५८ चीच रीत. आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेने धान्य-तेलबियांच्या ओलावा मापकांसाठी स्वतंत्र शिफारस केलेली आहे, क्रमांक ५९; तिच्यात चुकीच्या मर्यादा आणि तपासणीची पद्धत दोन्ही आहेत. प्रत्येक खरेदी केंद्रावरचे यंत्र हंगामाच्या तोंडावर भट्टीत वाळवलेल्या नमुन्याशी ताडून पाहावे, त्यावर वजनांसारखी तारीख घातलेली मोहोर असावी, पोत्याच्या तीन जागांहून नमुने घेऊन सरासरी धरावी, आणि वाद झाल्यास सीलबंद नमुना बाजार समितीच्या भट्टीत जावा. वैधमापन निरीक्षक इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी तपासतो. त्याच ओट्यावर ठेवलेल्या दुसऱ्या पेटीलाही तेवढेच कडक वेळापत्रक लावण्यात तांत्रिक अडचण काही नाही. खर्च होईल, पण दिवसभरात एका केंद्रावर परत फिरणाऱ्या गाड्यांच्या भाड्याशी तो ताडून पाहावा. आणि हे सगळे उभे राहीपर्यंत सोयाबीनला कापसासारखा उतरता भाव लावता येतो. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, शासन निर्णयाचा एक कागद पुरतो.