कायद्याच्या आधीची नौका

चौबे कॉलोनीतील महाराष्ट्र मंडळात परवा एका ज्येष्ठ स्नेह्यांनी छायाचित्र दाखवले. त्यांचा पुतण्या अमेरिकेत मिनेसोटा राज्यात 1960च्या दशकातील स्की-बोट पूर्ववत करीत आहे. "टाकी, नळ्या, सारे मूळचेच ठेवणार," ते अभिमानाने म्हणाले. मला मात्र या नियमांचा इतिहास आठवला.

पाण्यावरील स्कीइंगचा आरंभ 1922 साली त्याच राज्यातील पेपिन सरोवरावर राल्फ सॅम्युएलसन यांनी केला. पुढे आलेल्या या स्की-बोटींत इंजिन बंद कप्प्यात असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. गळती झाली की ती तळाशी साचते आणि एक ठिणगी पुरते. म्हणून 1940च्या अमेरिकी मोटरबोट कायद्याने कार्ब्युरेटरवर ज्वालारोधक आणि तळाला वायुवीजन सक्तीचे केले. 1971च्या कायद्याने उत्पादकांसाठी मानके ठरवण्याचा मार्ग खुला केला. परंतु इंधन-व्यवस्थेची मानके त्यानंतर बांधलेल्या नौकांसाठी होती.

आपला 1917चा अंतर्देशीय नौका कायदाही मुळात वाफेच्या नौकांसाठीच होता. त्याची जागा 2021च्या कायद्याने घेतली. यंत्र टिकते, पण नवा नियम जुन्या यंत्रापर्यंत पोहोचतोच असे नाही. नळी न बदलल्याची बचत मालकाची. स्फोटाची किंमत मात्र सहप्रवाशांचीही. शिवाय इथेनॉलमिश्रित पेट्रोलपुढे जुने रबर टिकत नाही.

मी सुचवले, "रंगरूप जुने राहू द्या, नळ्या नव्या घ्या, टाकी तपासून घ्या. मोटारीचा साधा स्टार्टर बसवू नका. इंजिन सुरू करण्यापूर्वी चार मिनिटे पंखा चालवा, वासही घ्या."

त्यांनी तेथूनच पुतण्याला फोन लावला.