फिंच यांचा हिरवा कोट आणि ओल्या थंडीचा प्रश्न

पुण्यात पाषाण येथे असलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संचालकपदावर 1952 ते 1957 या काळात एक ऑस्ट्रेलियन वंशाचे रसायनशास्त्रज्ञ होते: जॉर्ज इंगल फिंच. इलेक्ट्रॉन विवर्तनावरील त्यांच्या कामामुळे ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले होते. पुण्यात येण्याच्या तीस वर्षे आधी मात्र हे गृहस्थ एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला, सात हजार सातशे मीटरहून अधिक उंचीवर, वादळात फडफडणाऱ्या तंबूत दोन रात्री काढत होते. अंगावर स्वतःच आराखडा करून शिवून घेतलेला एक हिरवट, फुगीर कोट होता.

दरवर्षी उन्हाळी सुटी जवळ आली, की हिमालयात जाणारे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात: हलके सिंथेटिक जाकीट घ्यावे की पिसांचे? दुकानदार या प्रश्नाला किमतीत उत्तर देतो. त्याचे खरे उत्तर मिळवायला शंभर वर्षांचा इतिहास चाळावा लागतो, आणि त्याची सुरुवात फिंच यांच्या कोटापासून करणे सोयीचे आहे.

1922 च्या ब्रिटिश मोहिमेतील बहुतेक गिर्यारोहक लोकर, रेशीम आणि गॅबर्डिन यांचे थरावर थर चढवून निघाले होते. फिंच यांनी फुग्यांसाठी वापरले जाणारे हलके, वारा न शिरणारे कापड घेतले, त्यात आयडर बदकाची मऊ पिसे भरली आणि आडव्या शिवणी घालून गुडघ्यापर्यंत येणारा कोट तयार करवला. आपल्याकडच्या आजीने पाहिला असता, तर तिने त्याला बाह्यांची गोधडी म्हटले असते. सहकाऱ्यांनी आधी चेष्टा केली. थंडी वाढू लागली तशी चेष्टेची जागा हेव्याने घेतली. 27 मे 1922 रोजी फिंच आणि जेफ्री ब्रूस सुमारे 8,320 मीटरपर्यंत पोहोचले. तोवर एवढ्या उंचीवर कोणीही माणूस चढला नव्हता. या यशात त्यांनी आग्रहाने नेलेल्या प्राणवायूच्या नळकांड्यांचा वाटा मोठा होता हे खरे, पण तंबूतल्या त्या रात्री निभावल्या नसत्या, तर प्राणवायू वापरण्याची वेळच आली नसती. 1924 च्या मोहिमेत फिंच यांना घेतले गेले नाही. त्यांचा स्वभाव मंडळींना रुचला नव्हता. कोटाची कल्पना मात्र टिकली, आणि पुढच्या काळात पिसांचे जाकीट हाच उंच पर्वतांवरचा रूढ पोशाख झाला.

हा कोट ऊब कशी देत होता? पिसांमध्ये स्वतःची ऊब नसते. ती शरीराचीच असते. पिसे करतात ते एवढेच, की हवेला लहान लहान कप्प्यांत अडवून तिची हालचाल थांबवतात. स्थिर हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. पेशींसारख्या सूक्ष्म धाग्यांनी विणलेली पिसांची गुंडी दाबली तर मुठीत मावते आणि सोडली तर पुन्हा फुलते. बाजारात ‘800 फिल पॉवर’ असे जे लिहिलेले असते, त्याचा अर्थ एक औंस, म्हणजे सुमारे 28 ग्रॅम पिसे मोकळी सोडल्यावर 800 घन इंच जागा व्यापतात. हे जवळपास 13 लिटर होतात. 28 ग्रॅम वजनात 13 लिटर अडवलेली हवा: या हिशेबात पिसांची बरोबरी अद्याप कोणत्याही कृत्रिम तंतूला पूर्णपणे साधलेली नाही.

कपड्याच्या उबेचे मोजमाप तसे उशिरा आले. 1941 मध्ये गॅगी, बर्टन आणि बॅझेट या शास्त्रज्ञांनी ‘क्लो’ हे एकक सुचवले. सुमारे 21 अंश सेल्सिअसच्या, वारा नसलेल्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखावह वाटेल इतका पोशाख म्हणजे एक क्लो. व्याख्येतील ‘स्वस्थ बसलेला’ हा शब्द लक्षात ठेवावा. बसलेल्या माणसाचे शरीर साधारण शंभर वॉट उष्णता सोडते. पाठीवर ओझे घेऊन चढण चढताना ती पाचपट होऊ शकते. बसल्या जागी पुरेसे असलेले जाकीट त्या चढणीवर घामाची भट्टी बनते.

आणि मग पाणी येते. पाणी उष्णतेला स्थिर हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने वाहून नेते. पिसांचे बारीक धागे भिजले, की एकमेकांना चिकटतात, गोळा होतात. अडवलेली हवा निसटते. याला पाऊसच लागतो असे नाही. शरीरातून निघालेली वाफ कपड्याच्या बाहेरच्या, थंड थरात पोहोचली, की तिथेच तिचे दव आणि पुढे बर्फ होते. 1911 च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात सम्राट पेंग्विनची अंडी आणण्यासाठी निघालेल्या विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड यांच्या झोपण्याच्या पिशव्या पाच आठवड्यांत घामाच्या बर्फाने इतक्या जड आणि ताठ झाल्या, की रात्री आत शिरणे हेच एक काम होऊन बसले. तिथे पाऊस पडला नव्हता. भिजवणारे पाणी त्यांच्याच अंगातले होते.

या प्रश्नाचे उत्तर ज्या पदार्थातून निघाले, तो आपल्याला टेरिलीन आणि टेरिकॉट या नावांनी घरोघरी परिचित आहे. 1941 मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा तंतू तयार केला. लोकर हवेतील ओलावा स्वतःच्या वजनाच्या 16 टक्क्यांपर्यंत सहज शोषते. त्याच परिस्थितीत पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के शोषतो. उन्हाळ्यात टेरिकॉटचा सदरा अंगाला नकोसा होतो, त्याचे कारण हेच. आतल्या भरणासाठी मात्र हा दोष गुण ठरतो. तंतू पाणी पीत नाही, त्यामुळे मऊ पडत नाही; पिळून झटकला, की पुन्हा उभा राहतो.

तरीही पहिल्या पिढीतील पॉलिएस्टरची जाकिटे उशीसारखी जाड आणि जड होती, कारण तंतू जाड होते. येथे भूमितीचा एक सोपा नियम आहे: तंतूचा व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच वजनात पृष्ठभाग दुप्पट मिळतो. जितका पृष्ठभाग अधिक, तितकी हवा अधिक अडते आणि शरीरातून किरणांच्या रूपाने निसटणारी उष्णताही अधिक रोखली जाते. 1979 मध्ये थ्री-एम कंपनीने आणलेले थिन्सुलेट याच तत्त्वावर होते. पण फार बारीक तंतूला कणा नसतो. तो दबला की दबूनच राहतो. 1980 च्या दशकात अमेरिकी सैन्याला भिजल्यावरही ऊब देईल असा पिसांचा पर्याय हवा होता. ऑल्बनी इंटरनॅशनल या कंपनीच्या संशोधकांनी त्यासाठी पिसाचीच रचना अभ्यासली: आधाराला ताठ शाखा आणि हवा अडवायला त्यांवरचे केसाहून बारीक धागे. त्यांनी अतिसूक्ष्म तंतूंत थोडे जाड, ताठ तंतू मिसळले. प्रायमालॉफ्ट या नावाने बाजारात आलेल्या भरणाचा जन्म असा झाला. सिंथेटिक भरण म्हणजे पिसांची स्वस्त नक्कल, हा समज मला म्हणूनच चुकीचा वाटतो. ते एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

भारतासाठी हा प्रश्न प्रयोगशाळेतला कधीच नव्हता. 1962 च्या शरद ऋतूत नामका चूच्या काठावर आपले जवान सुती गणवेशात उभे होते, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. 13 एप्रिल 1984 रोजी सियाचिनवर ऑपरेशन मेघदूत सुरू झाले, तेव्हा बर्फातले विशेष कपडे युरोपातून मागवावे लागले होते. त्यानंतर साडेतीन दशके उलटल्यावर, फेब्रुवारी 2020 मध्ये संसदेत मांडल्या गेलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने अतिउंचीवरील जवानांच्या बर्फाच्या चष्म्यांचा तुटवडा आणि जुन्या पद्धतीच्या जाकिटांची व स्लीपिंग बॅगांची खरेदी नोंदवली. 27 डिसेंबर 2021 रोजी डीआरडीओने अतिशीत हवामानासाठी विकसित केलेल्या त्रिस्तरीय पोशाखाचे तंत्रज्ञान पाच भारतीय कंपन्यांना दिले. अधिक 15 ते उणे 50 अंश सेल्सिअस हा त्याचा पल्ला. एकच जाड कोट देण्याऐवजी कामाच्या श्रमानुसार थर घालावे-काढावेत आणि घाम लवकर शोषला जावा, अशी त्याची मांडणी आहे. त्या बातमीत मला आयातीला पर्याय मिळाला यापेक्षा हा घामाचा विचार अधिक महत्त्वाचा वाटला.

आता विद्यार्थ्यांच्या प्रश्नाकडे. लडाखमध्ये हिवाळ्यात जायचे असेल, थंडी कोरडी असेल आणि जाकीट मुख्यतः मुक्कामावर घालायचे असेल, तर पिसेच चांगली. त्याच वजनात अधिक ऊब मिळते. उत्तराखंडात किंवा सिक्कीममध्ये मे-जूनमध्ये चालायचे असेल, जिथे दुपारी गारा, संध्याकाळी रिमझिम आणि दिवसभर घाम, तिथे मी सिंथेटिकच घ्यायला सांगेन. सह्याद्रीतल्या डिसेंबरच्या पहाटेसाठी या दोन्हींची गरज नाही. एक लोकरी स्वेटर आणि वारा अडवणारे पातळ विंडचीटर पुरते.

सिंथेटिक जाकिटावर फिल पॉवर लिहिलेली नसते. कोणी तसा आकडा सांगितला तर त्याचा अर्थ विचारावा. तेथे पाहायचे ते भरणाचे वजन, ग्रॅम प्रति चौरस मीटर. चालता चालता घालायचे असेल तर 60 च्या आसपास, अनेकदा बाह्यांत 40. मुक्कामावर बसताना घालायचे असेल तर 100 ते 130. जाकिटाचे एकूण वजन पाहून ऊब ठरवू नये, कारण जाड चेन, खिसे आणि जाड कापडही तराजूवर बसतात. बाहेरचे कापड 10 डेनियरचे असेल तर ते अतिशय हलके असते, पण काटेरी झुडपात एका ओरखड्याने फाटते; 20 डेनियर थोडे जड, पण विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारे शहाणपण. दुकानात जाकीट आतल्या लोकरी थरावर घालून पाहावे आणि दोन्ही हात वर करावेत. कंबर उघडी पडली किंवा काखेत भरण दबले, तर तो माप आपला नाही.

सिंथेटिकची एक उणीव दुकानात दिसत नाही. तंतू पुन्हा पुन्हा दाबल्याने त्यांचा कणा मोडतो, आणि काही हंगामांनी तेच जाकीट पातळ आणि थंड वाटू लागते. चांगल्या प्रतीची पिसे नीट सांभाळली तर अनेक वर्षे फुलत राहतात. म्हणून घरी आल्यावर जाकीट पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नये. सौम्य साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून हँगरला टांगावे. आणि तंबूत स्टोव्हपासून चार हात दूर बसावे, कारण बाहेरचे नायलॉन एका ठिणगीने वितळते.