एक पिवळी कॉर्ड : लॅबमधले 18 तास

गुरुवारी सकाळी 10 वाजून 10 मिनिटांनी पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्टाफरूममधले सात संगणक आपोआप पुसले जाऊ लागले. तसा हुकूम मीच देऊन ठेवला होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी तिथला लॅब असिस्टंट. त्याआधीच्या 18 तासांचा हा हिशेब.

बुधवार, दुपारी 4.10 (18 तास आधी)

दुसऱ्या दिवशी 11 वाजता प्रॅक्टिकल परीक्षा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात प्रयोगांसाठी 64 बिटचं मुक्तस्रोत लिनक्स सुचवलेलं आहे. आमच्या लॅबमध्ये 40 मशीन, आणि प्रत्येकावर वेगळंच काहीतरी बिघडलेलं. एक मशीन नीट तयार करायचं, त्याच्या डिस्कची प्रतिमा घ्यायची आणि नेटवर्कवरून उरलेल्या 39 मशीनांवर उतरवायची, असं ठरलं. हत्यार क्लोनझिला. तैवानच्या राष्ट्रीय महासंगणन केंद्रात घडलेलं, फुकट आणि भरवशाचं. आकुंचित प्रतिमा 14 जीबीची झाली. मनात म्हटलं, सात वाजता घरी.

संध्याकाळी 5.40 (साडेसोळा तास आधी)

सगळ्या मशीनांच्या बायोसमध्ये जाऊन पहिली पसंती नेटवर्कला दिली. मशीन असं नेटवर्कवरून सुरू होण्याला पीएक्सई म्हणतात. इंटेलने 1999 मध्ये पक्कं केलेलं तंत्र. मशीन सुरू होताच नेटवर्कवर हाळी देतं, 'मला पत्ता कोण देतंय?' सर्व्हर पत्ता देतो आणि कुठली फाइल उचलायची तेही सांगतो. या संभाषणात ओळखपाळख नाही, पासवर्ड नाही. हाक ऐकू येईल तो देणारा, हाक मारेल तो घेणारा.

मशीनांना पत्ता मिळत होता, लिनक्सचा गाभाही उतरत होता, पण पुढे सगळं ठप्प. कारण रॅकमधल्या मॅनेज्ड स्विचमध्ये होतं. केबल जोडली की असा स्विच पोर्ट लगेच उघडत नाही. कुठे वळसा तर पडत नाही ना, हे 15 सेकंद ऐकतो आणि आणखी 15 सेकंद शिकतो. लिनक्सने नेटवर्क कार्ड नव्याने चालू केलं की लिंक क्षणभर तुटते आणि ही 30 सेकंदं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. तोवर मशीन वाट बघून हात टेकतं.

उपाय सोपा होता. स्विचला सांगायचं की या पोर्टांवर नुसते संगणक आहेत, थांबू नकोस. पण स्विचचा पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे. मग कपाटातले दोन साधे 24 पोर्टांचे स्विच काढले आणि रॅकमधल्या कॉर्ड एकेक करून तिकडे हलवल्या. त्यात एक पिवळी कॉर्ड होती, लेबल नसलेली. लॅबचीच असणार म्हणून तीही खोचली.

मॅनेज्ड स्विच लॅब आणि स्टाफरूम यांच्यात एक अदृश्य भिंत राखून होता. ती भिंत मी काढून टाकली.

संध्याकाळी 7.10 (15 तास आधी)

आता 31 मशीनं नीट उठली आणि नऊ भलतीकडेच गेली. त्यांना आमच्या मालिकेतला पत्ताच मिळाला नव्हता, 192.168.0 ने सुरू होणारा परका पत्ता आला होता. म्हणजे दुसरं कोणीतरी पत्ते वाटत होतं. शोधाशोध केली तर स्टाफरूममधला वायफाय राउटर निघाला.

"काका, तेवढा राउटर बंद करता का?"

"करतो की. पण सर, तो तर आधीपासून तिथंच आहे. आजच कसा नडला?"

प्रश्न बिनतोड होता. स्टाफरूममधला राउटर लॅबशी आजच का बोलायला लागला, याचं उत्तर शोधलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. मी म्हटलं, "काका, आधी चहा सांगा."

रात्री 9.10 (13 तास आधी)

पहिली खेप मल्टिकास्टने सोडली. सर्व्हर प्रतिमा एकदाच बोलतो, सगळी मशीनं एकदम ऐकतात. गिगाबिट नेटवर्कवर 14 जीबी पाठवायला दोन-सव्वादोन मिनिटं लागतात, डिस्कवर लिहायचा वेळ धरून दहा म्हणा. पडद्यावर मात्र उरलेला वेळ वाढतच चाललेला.

मल्टिकास्ट म्हणजे घरच्यांबरोबर सिंहगड चढणं, सगळ्यांची चाल आजोबांच्या चालीवर. आमचे आजोबा 23 नंबरचं मशीन. त्याच्या कॉर्डच्या टोकातली एक तार नीट बसलेली नव्हती, म्हणून ते गिगाबिटऐवजी 100 मेगाबिटवर चालत होतं, आणि त्याच्यापायी सगळी लॅब दहा पट मंद. कॉर्ड बदलून खेप पुन्हा सोडली. अकराच्या आत 40 पडद्यांवर लॉगिनची चौकट.

रात्री 11.10 (11 तास आधी)

लॉगिन झालं, पण नेटवर्क झोके घेऊ लागलं. एका मशीनवर चालायचं, शेजारच्यावर तुटायचं. तपासलं तर सगळ्यांचा पत्ता एकच.

लिनक्समध्ये मशीन-आयडी नावाची छोटी फाइल असते, तिच्यात 32 अक्षरी ओळख. नेटवर्कची सूत्रं सिस्टीमडीकडे असतील, आणि आमच्या प्रतिमेत होती, तर पत्ता मागताना ते याच ओळखीवरून नाव सांगतं. मी प्रतिमेबरोबर ओळखही वाटली होती. सर्व्हरच्या लेखी ते एकच मशीन 40 वेळा पत्ता मागत होतं. मूळ मशीनवर ती फाइल रिकामी केली, म्हणजे पुढच्या वेळी सुरू होताना प्रत्येक जण स्वतःची ओळख बनवेल. एसएसएचच्या किल्ल्याही काढल्या. प्रतिमा नव्याने घेतली.

मध्यरात्रीनंतर 1.10 (9 तास आधी)

आता 40 मशीनांवर फिरून एंटर दाबायचं त्राण नव्हतं. मेन्यू असा लावला, की मशीन नेटवर्कवरून उठलं की पाच सेकंदांत प्रतिमा उतरवायला घ्यायची, 'खात्री आहे का?' विचारायचं नाही. एखादं मशीन मागे राहिलं तर बाकीच्यांचा खोळंबा नको म्हणून या वेळी मल्टिकास्टही नको. जो येईल त्याला वाढायचं.

तीनच्या सुमाराला शेवटचं मशीन उठलं. प्रत्येकावर नवी ओळख, नवा पत्ता. मी टेबलावर डोकं टेकलं. सर्व्हरवरचं काम मात्र थांबवलं नव्हतं. पंगत मांडलेलीच होती.

गुरुवार, सकाळी 9.35 (35 मिनिटं आधी)

वीज गेली. गुरुवार हा पुण्यात वीजवाहिन्यांच्या देखभालीचा वार, यात नवल काही नाही. सर्व्हर आणि स्विच यूपीएसवर होते, ते चालू राहिले. लॅब बंद पडली. स्टाफरूमचीही मशीनं बंद पडली. तिथे घरी जाताना फक्त मॉनिटर बंद करायची रीत होती.

10.10 (शून्य)

वीज आली. वीज येताच आपोआप सुरू व्हायची सोय लॅबच्या मशीनांच्या बायोसमध्ये होती. स्टाफरूमची सात मशीनंही एके काळी लॅबचीच, जुनी झाली म्हणून तिकडे गेलेली. तीच सोय, आणि बायोसमध्ये पहिली पसंती कुठल्या तरी जुन्या क्लोनिंगपासून तशीच नेटवर्कला. राउटर बंद होता. पत्ता देणारा एकटा माझा सर्व्हर.

47 मशीनांनी हाळी दिली, सर्व्हरने 47 जणांना वाढलं.

10.14

लॅबच्या पडद्यांवर टक्केवारी पळताना दिसली आणि पोटात गोळा आला. परीक्षा गेली, एवढंच तोवर कळलं होतं. तेवढ्यात मॅडम दारात. "अहो, आमच्या मशीनवर हे निळं काय चाललंय?" मी रॅककडे धावलो आणि पिवळी कॉर्ड उपसली.

उशीर झाला होता. क्लोनझिला आधी डिस्कची विभागणी नव्याने लिहितं आणि मग मजकुराला हात घालतं. चार मिनिटांत सातही डिस्कांची जुनी विभागणी गेली होती. एका डिस्कवर टर्मवर्कच्या मार्कांची शीट होती.

त्यानंतर

प्रॅक्टिकल दुपारी साडेबाराला सुरू झालं. फोटोरेक लावून तीन संध्याकाळी डिस्क उपसल्या. फाइली आल्या, पण नावं गेलेली; एफ आणि पुढे आकडे, एवढीच ओळख. मार्कांची शीट आलीच नाही. मॅडमच्या ड्रॉवरमधल्या, निळ्या शाईने लिहिलेल्या यादीवरून मार्क पुन्हा भरले.

जगात असं आधी झालेलं आहे. मे 2014 मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात विंडोज 7 ची प्रतिमा चुकून विद्यापीठाच्या सगळ्या विंडोज मशीनांकडे गेली, लॅपटॉपांपासून सर्व्हरांपर्यंत. चूक लक्षात येऊन प्रतिमा वाटणारा सर्व्हर बंद करेपर्यंत तो स्वतःही पुसला गेला होता.

त्या रात्रीच्या माझ्या डागडुज्यांतली एकही चुकीची नव्हती. स्विच बदलल्यावर मशीनं उठली, राउटर बंद केल्यावर पत्ते सुधारले, प्रश्न काढून टाकल्यावर वेळ वाचला. पण प्रत्येक डागडुजीत एकेक राखणदार घरी गेला आणि सकाळी दारावर कोणीच उरलं नाही.

तुमच्या लॅबमध्ये क्लोनिंगचा सर्व्हर असेल तर आज निघण्यापूर्वी तीन गोष्टी बघा. मेन्यू आपोआप जिथे जातो ती जागा 'स्वतःच्या डिस्कवरून सुरू हो' हीच असू द्या. काम संपलं की सर्व्हरची कॉर्ड काढून ठेवा. आणि रॅकमध्ये लेबल नसलेली कॉर्ड दिसली, तर तिचं दुसरं टोक सापडल्याशिवाय घरी जाऊ नका.